चमच्याच्या पाठीवरचं जनावर

मुलीच्या बापाने विहीणबाईंसमोर काय काय करू नये, हे आपल्याकडे साखरपुड्याच्या आधीच चार जाणती माणसं कानात सांगून ठेवतात. मोठ्याने हसू नये, मध्येच बोलू नये, जावयाच्या पगाराचा आकडा चुकूनही विचारू नये. विहीणबाईंच्या हातात जुना चमचा पडू देऊ नये, हे मात्र वराळ्याच्या हौशीराम वाळुंजांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांचे अकरा दिवस वाचले असते आणि ‘गरीब स्वभावाचा माणूस’ ही तीस-पस्तीस वर्षांत कमावलेली ख्यातीही शाबूत राहिली असती.

झालं ते असं. हौशीरामभाऊंची एकुलती एक लेक कोमल तळेगावात दिलेली. तिचा स्वराज सहा महिन्यांचा झाला आणि त्याच्या उष्टावणाचा दिवस ठरवायला कोमलच्या सासूबाई, विजयमालाताई, जातीने भाऊंच्या फ्लॅटवर आल्या. दिवस ठरला, चहा झाला, आणि इतका वेळ खाटेवर बसून सगळं ऐकत असलेल्या भाऊंच्या आई, धोंडाबाई, वय वर्षं शहाऐंशी, उठल्या. त्यांनी खाटेखालची ट्रंक ओढली, फडक्यात गुंडाळलेला एक चमचा काढला आणि विहीणबाईंच्या हातात ठेवला.

“पोराला ह्यानं भरवा,” त्या म्हणाल्या. “चांदीचा हाय. फ्रेनीबाईनं दिल्याला.”

फ्रेनीबाई म्हणजे लोणावळ्याला तुंगार्लीच्या बंगल्यातली पारशीण. तिच्याकडे धोंडाबाईंनी बावीस वर्षं स्वयंपाक केला. बंगला विकून ती कायमची मुंबईला निघाली, तेव्हा जाताना तिने धोंडाबाईंना सहा चमचे आणि दोन काटे दिले. काटे पुढे खाऱ्या पुऱ्यांना टोचे मारायच्या कामी लागले. चमचे मात्र ट्रंकेत राहिले. ते आधी बाजारात नेऊन त्यांच्यावर नाव घालून घेतलेलं होतं, हे सांगायला नको. आपल्याकडे भांडं घरात आलं की त्याच्यावर नाव पडतं, मग ते पातेलं असो की पाटा-वरवंटा. तेव्हा प्रत्येक चमच्याच्या पाठीवर ठिपक्याठिपक्यांनी ‘धोंडाबाई वाळुंज तुंगार्ली’ असं कोरलेलं होतं.

विजयमालाताईंनी चमचा उलटा केला, सुलटा केला, खिडकीकडे धरला.

“ह्याच्यावर हॉलमार्क कुठंय?” त्या म्हणाल्या. “आम्ही नवा आणलाय हो, हॉलमार्कचा, डबीसकट.” इथेच थांबल्या असत्या तर ही गोष्टच झाली नसती. पण त्यांनी चमचा ट्रेमध्ये ठेवला आणि हसत हसत म्हणाल्या, “आणि आजी, राग मानू नका हं, पण बंगल्यावर स्वयंपाकाला जाणाऱ्या बाईच्या ट्रंकेत चांदीचे चमचे कसे येतात, हे काय आम्हाला कळत नाही?”

यावर हौशीरामभाऊंनी काय केलं? भाऊ हसले. ‘हॅ हॅ हॅ’ असे तीनदा हसले. मग विहीणबाईंना सोडायला खाली गेले, त्यांच्या गाडीचं दार उघडून दिलं, लावून दिलं, आणि गाडी वळेपर्यंत हात हलवत उभे राहिले.

वर आले तर धोंडाबाई दारातच उभ्या.

“हसलास?”

“अगं आई, आपण मुलीकडचे...”

“ती मला चोर म्हनली आन् तू हसलास.” धोंडाबाईंचा आवाज चढला नाही, आणि भाऊंना त्याचीच जास्त भीती वाटली. “बावीस वर्सं तितं रांदलं. दान्याला हात लावला न्हाई. जा, तिला इचार. तोंडावर इचार. तवर मी काय उष्टावनाला येनार न्हाई.”

आता यात न कळण्यासारखं काय होतं? पहिलीतल्या पोरालाही कळेल अशी गोष्ट: जायचं आणि विचारायचं. पण भाऊंनी चौतीस वर्षं आंबीच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये काढलेली. शिक्क्याशिवाय त्यांच्या हातून साधा वॉशरही पुढे गेला नव्हता. त्यांच्या मनात आलं, की आधी पुरावा, मग विचारणा. चमचे अस्सल चांदीचे आहेत हे कागदावर सिद्ध केलं, की विहीणबाईंचं तोंड आपोआप बंद होईल आणि आपल्याला उघडावं लागणार नाही.

“अहो पण,” त्यांची बायको अनिता म्हणाली, “चांदी निघाली तर त्या म्हणतील, बघा, चोरलेली ती चांदीच निघाली.”

“तू मध्ये बोलू नकोस. ही टेक्निकल बाब आहे.”

अनिता उठून स्वयंपाकघरात गेली. बत्तीस वर्षांच्या संसारात ‘टेक्निकल बाब’ म्हटलं की पुढचे आठ-दहा दिवस नवरा कामातून गेला, एवढं तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी नवी वही काढली, पानाला समास आखला, आणि भिंग डोळ्याला लावून चमच्याची पाठ तपासली. तिथे धोंडाबाईंच्या नावाखाली आणखी काहीतरी होतं. चार बारीक चौकोनी शिक्के, ओळीने. हे शिक्के म्हणजे चमचा करणाऱ्याच्या खुणा. त्या वाचता आल्या की चमचा कुठला, कधीचा आणि कशाचा, सगळं कळतं, असं भाऊंनी फोनवर वाचलं. अडचण एकच होती. नाव घालणाऱ्याने नेमका त्या शिक्क्यांवरच हात चालवला होता. पहिल्या शिक्क्यातलं जनावर बरंचसं शाबूत होतं, पण त्याचं डोकं ‘धों’ या अक्षराखाली गेलं होतं. दुसऱ्यात मुकुटासारखं काहीतरी होतं, त्यातून ‘डा’चा काना आरपार गेला होता. बाकीच्या दोहोंत इंग्रजी अक्षरं असावीत, पण त्यांच्यावर ‘बाई’ बसली होती.

सहाही चमच्यांची तीच गत. नाव घालणारा आपल्या कामाला चोख होता.

तेव्हा सगळा प्रश्न त्या बिनडोक्याच्या जनावरावर आला. भाऊंच्या मते तो सिंह होता. अनिताला तो कुत्रा वाटला. कोणी न विचारताच धोंडाबाईंनी खाटेवरून सांगितलं, “शेळी हाय.” भाऊंनी वहीत तिन्ही मतं नोंदवली आणि खाली सही केली.

सोसायटीत गोष्ट लपत नाही. संध्याकाळी सेक्रेटरी बाजीराव वर आले. बाजीराव बँकेतून निवृत्त झालेले. त्यांना आयुष्यात कुठलीही गोष्ट ‘माहीत नाही’ म्हणावी लागली नव्हती, कारण त्यांनी ती कधी म्हटलीच नव्हती. त्यांनी भिंग मागून घेतलं.

“भाऊ, शेपूट बघा. वर वळलंय. पुढचा पाय उचललाय. चालणारा सिंह! म्हणजे इंग्लंडची चांदी, शंभर टक्के.”

“पण डोकं?”

“डोक्याचं काय घेऊन बसलात? सगळ्या जगाचं शेपटावर चाललंय.” असं म्हणून बाजीरावांनी चमच्याचे सात फोटो काढले आणि जुन्या चांदीच्या शौकिनांच्या कुठल्याशा परदेशी ग्रुपवर टाकले.

मधल्या वेळात भाऊ तळेगावच्या एका सराफाकडे जाऊन आले. त्याने चमचा कसोटीच्या दगडावर घासला, वर तेजाबाचा थेंब टाकला, मान तिरकी केली आणि म्हणाला, “वरून चांदी दिसतेय. पण वरच्याला काय अर्थ नाही काका. कानशीने खोल घासायला लागेल. नाहीतर मधोमध कापू, लगेच निकाल.”

भाऊंनी घरी येऊन परवानगी मागितली.

“चमचा कापून चांदी बघनार?” धोंडाबाई म्हणाल्या. “मंग मानूस कापून इमान बघत जावा.”

कानस बाद झाली.

तिसऱ्या दिवशी बाजीराव धापा टाकत जिने चढून आले. लिफ्ट चालू होती, पण आनंदात त्यांना ती दिसली नाही. परदेशातल्या कोणा जाणकाराने उत्तर पाठवलं होतं. त्या गृहस्थाला चार शिक्क्यांत काडीचा रस वाटला नव्हता. त्याला भुरळ पडली होती ती वरच्या ठिपक्यांच्या अक्षरांची. त्याने ती कुठल्यातरी यंत्रातून वाचून घेतली होती आणि लिहिलं होतं, की ही भारतीय कारागिराची, आजवर कुठल्याही पुस्तकात न नोंदलेली स्वाक्षरी आहे. तुंगार्ली गावची धोंडाबाई वाळुंज नावाची स्त्री-चांदीकार. फारच दुर्मीळ. तिची आणखी काही कामं पाहायला मिळतील काय?

“अहो, ते भांड्यावरचं नाव आहे!” भाऊ म्हणाले.

“ते तुम्हाला आणि मला. त्यांच्याकडे भांड्यावर फक्त बनवणारा नाव घालतो. वापरणारा कशाला घालेल?”

हे ऐकून भाऊंना त्या देशाची कीव आली. लग्नाकार्यात भांडी एकमेकांच्या घरी जातात, ती परत कशी येत असतील तिकडे?

बाजीराव मात्र तोवर कामाला लागले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ दूध आणायला उतरले, तर सोसायटीच्या गेटवर आठ बाय चारचा फ्लेक्स. त्यावर धोंडाबाईंचा आधार कार्डावरचा फोटो, ज्यात त्या आधीच रागावलेल्या, आणि खाली मोठ्या अक्षरांत: ‘आमच्या सोसायटीचे भूषण! मावळातील पहिल्या महिला चांदीकार श्रीमती धोंडाबाई वाळुंज यांचे हार्दिक अभिनंदन!’ त्याखाली शुभेच्छुक म्हणून बाजीरावांसकट अकरा जणांचे फोटो, सगळे धोंडाबाईंच्या फोटोपेक्षा मोठे.

फ्लेक्स दोन तासांत उतरला. धोंडाबाईंनी गॅलरीतून बघितलं आणि सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “मी भाकरी थापली रं बाजीराव, चांदी कवा थापली?” पण दोन तास पुरे असतात. विजयमालाताईंची मोलकरीण वराळ्याचीच. दुपारी त्यांचा फोन आला.

“काय हो भाऊ? परवा म्हणालात, पारशिणीनं दिले. आता म्हणे तुमच्या आईंनी स्वतःच घडवले! एक काय ते ठरवा. आम्हाला चारचौघांत सांगायला लागतं.” आणि त्या पुन्हा हसल्या.

भाऊही हसायला निघाले होते. पण समोर खाटेवरून दोन डोळे त्यांच्यावर रोखलेले होते, तेव्हा त्यांनी ते हसू खोकल्यात घालवलं.

आता नुसती चांदी राहिली नव्हती, अब्रू आली होती. भाऊंनी मनाशी ठरवलं, मुळाशी जायचं. नावाखाली काय होतं, हे एकाच माणसाला ठाऊक असणार: ज्याने नाव घातलं त्याला. ते तळेगाव स्टेशनवरून लोकलने लोणावळ्याला गेले, पर्यटकांच्या गाड्या आणि चिक्कीच्या पाट्या ओलांडत बाजारात शिरले, आणि दोन ठिकाणी विचारल्यावर भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर बसलेले सरदारभाई सापडले. वय ऐंशीच्या घरात. आता त्यांचा मुलगा इर्शाद मशिनने नावं घालायचा. सरदारभाई शेजारी बसून त्याच्या अक्षराला नावं ठेवायचे.

भाऊंनी चमचा पुढे केला. सरदारभाईंनी तो हातात घेतला मात्र, त्यांचा चेहरा खुलला.

“माजंच अक्षर! हा ‘ळुं’ बघ, इर्शाद. आजकाल कोन घालतंय असा ‘ळुं’? मशिनला जमनार न्हाई.”

“सरदारभाई, ह्या नावाच्या खाली एक जनावर होतं. त्याचं डोकं आठवतं का?”

“जनावर?” सरदारभाईंनी डोळे बारीक केले. “जनावर कोन बघतं? आमी जागा बघतो. पर ह्यो दिस मला पक्का याद हाय. दोघी आलत्या. तुमची आई आन् ती पारशीन बाई. बाई सोता गाडीतनं उतरून हितं पायरीवर बसली. म्हनली, पुरं नाव घाल, गाव बी घाल. म्या म्हनलं, बाई, चमच्यावर एवढं मावायचं न्हाई. तर म्हनली, मावव. उद्या हिला कुनी इचारलं का चमचे कुटनं आनले, तर मी काय मुंबईवरनं सांगाया येनार हाय का?”

“ते राहू द्या हो. सिंह होता की नाही, एवढं आठवा.”

“आता तुमी म्हनता तर आसंल बी. पर म्हैस बी आसंल.”

भाऊंनी वहीत लिहिलं: ‘नाव घालणारा भेटला. उपयुक्त माहिती शून्य.’ आणि तोंड पाडून परतीची गाडी धरली. वाचकहो, हसू नका. जो माणूस जे शोधायला जातो त्याला तेवढंच दिसतं, बाकीचं हातात दिलं तरी तो पायरीवर ठेवून येतो.

नवव्या दिवशी शेवटचा उपाय म्हणून भाऊ चिंचवडकडच्या एका हॉलमार्किंग केंद्रात गेले. तिथे म्हणे असं मशिन होतं की ज्यात वस्तू ठेवली की न कापता न घासता आतला धातू कळतो. काचेच्या आड तेजल नावाची मुलगी बसली होती. गोड बोलायची. पण ती बोलायची भाऊंशी आणि विश्वास ठेवायची कॉम्प्युटरवर.

“वस्तू कोणती, काका?”

“चमचा.”

तिने यादी वर नेली, खाली नेली. “अंगठी आहे, पैंजण आहे, ताम्हण आहे, निरांजन आहे, पळी आहे. चमचा नाहीये.”

“पळी टाका मग.”

“पळी टाकली तर पळी म्हणूनच रिपोर्ट येईल हं.” तिने चमचा उलटा केला. “आणि हा ज्वेलरचा शिक्का ना? धोंडाबाई वाळुंज. यांचा रजिस्ट्रेशन नंबर?”

“ती माझी आई आहे.”

“आईंचं दुकान कुठं आहे?”

“दुकान नाही. ती स्वयंपाक करायची.”

“मग शिक्का कसा?”

भाऊंनी डोळे मिटून घेतले. वस्तूवर नाव एकाचं आणि घेऊन आलेला दुसराच, म्हणून मालकाचं संमतिपत्र हवं, असं निघालं. संमतिपत्रावर अंगठा घेण्यासाठी वराळ्याला एक फेरी झाली. अंगठा देण्यापूर्वी धोंडाबाईंनी विचारलं, “तिला इचारलंस का?” भाऊ म्हणाले, “आधी रिपोर्ट येऊ दे.” दुसऱ्या फेरीत आधार कार्डावर ‘धोंडाबाई हरिभाऊ वाळुंज’ आणि चमच्यावर नुसतंच ‘धोंडाबाई वाळुंज’ असल्यामुळे, दोन्ही व्यक्ती एकच असल्याचं स्वतःच्या सहीने लिहून द्यावं लागलं. चमच्यावर ‘हरिभाऊ’ मावलं नव्हतं, असं कारण भाऊंनी दिलं. ते मान्य झालं, कारण त्या रकान्यात काहीही लिहिलेलं चालत होतं.

दहाव्या दिवशी रिपोर्ट हातात आला. वस्तू: पळी. वरचा थर: चांदी, नावापुरता. आत: तांबं, निकेल आणि जस्त.

म्हणजे मुलामा. नुसता मुलामा. भाऊ स्टेशनवरच्या बाकावर बसले आणि तो कागद त्यांनी चार वेळा वाचला. चौथ्या वेळेलाही आत तांबंच होतं. एवढ्या वर्षांत त्यांनी किती माल नापास केला असेल, पण नापास झालेल्याला कसं वाटतं हे त्यांना त्या बाकावर कळलं. विहीणबाईंना काय सांगायचं? आणि त्याहून वाईट म्हणजे आईला काय सांगायचं? तिने इतकी वर्षं उराशी धरलेली चांदी आपण दहा दिवसांत पितळेच्या पंगतीला नेऊन बसवली.

बाजीरावांनी लगेच तोड काढली. “सोपं आहे. नवा चांदीचा चमचा आणा, त्याच्यावर तेच नाव घालून घ्या. कोण बघतंय? चांदी ती चांदी.”

“बाजीराव,” भाऊ म्हणाले, “मी जन्मात खोटा शिक्का मारला नाही. आईच्या नावाचा मारू?” बाजीरावांनी कागदाची घडी घातली आणि भाऊंच्या हातात ठेवली.

भाऊ घरी आले, आईच्या खाटेशी खाली बसले आणि रिपोर्ट हातात धरून म्हणाले, “आई, वाईट वाटून घेऊ नकोस. चांदी नाही.”

“मला ठावं हाय,” धोंडाबाई म्हणाल्या.

“काय?”

“पयल्याच दिवाळीला राखंनं घासले, तर कडंला पिवळं दिसलं. घासनारीला ठावं न्हाई व्हय?”

“मग इतकी वर्षं चांदीचे, चांदीचे का म्हणत होतीस?”

“फ्रेनीबाईला ठावं न्हवतं. तिच्या सासूनं तिला लगनात दिल्याले, चांदी म्हनून. त्यातले सा उचलून तिनं मला दिले. देताना रडली. तिनं चांदी म्हनून दिलं, म्या चांदी म्हनून घेतलं. आता त्यात तुजं मशिन कुटनं आलं?”

भाऊंनी रिपोर्ट उलटा करून मांडीवर ठेवला.

“आन् मी तुला चांदी बघाया सांगितलंच कवा?” धोंडाबाई म्हणाल्या. “म्या म्हनलं, तिला इचार. तू धा दिस चमच्याला इचारत बसलास.”

हे वाक्य भाऊंना जिथे लागायचं तिथे लागलं. ते उठून गॅलरीत गेले. भिंग, वही, सराफ, लोणावळा, चिंचवड, ही सगळी पायपीट एका बाईला एक प्रश्न विचारायला लागू नये म्हणून होती, हे त्यांना दिसलं आणि लाज वाटली. मग सरदारभाई आठवले. ‘उद्या हिला कुणी विचारलं तर’ म्हणून जी बाई भर बाजारात पायरीवर बसली, तिच्या शब्दाला आपण वहीत शून्य दिलं! भाऊंनी वही आणून ती ओळ खोडली. खोडताना पान फाटलं, इतका त्यांना स्वतःचा राग आला होता.

“आई,” ते आत येऊन म्हणाले, “उद्या लुगडं नेस. उष्टावणाला जायचंय.”

“इचारनार?”

“विचारणार.”

विहीणबाईंच्या तळेगावच्या बंगल्याच्या गच्चीवर मांडव होता. शे-सव्वाशे माणूस. कोमलला भाऊ नाही, त्यामुळे स्वराजला मांडीवर घेऊन पहिला घास भरवायचा मामाचा मान हौशीरामभाऊंकडे आला. पाट मांडला, रांगोळी काढली, खिरीची वाटी आली. वाटीशेजारी लाल मखमलीच्या डबीत नवा चमचा. भाऊंनी खिशातून फडकं काढलं आणि त्यातला जुना चमचा वाटीपाशी ठेवला.

विजयमालाताई पुढे झाल्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, “काय हो भाऊ, निघाली का मग चांदी?”

“नाही निघाली,” भाऊ म्हणाले. “मुलामा आहे. मशिनवर तपासून आणलं. हा रिपोर्ट.”

दोन-चार बायका हसल्या. विहीणबाईंनी मान डोलावली आणि मखमलीच्या डबीकडे हात नेला.

“थांबा ताई,” भाऊ म्हणाले. “चांदीचं झालं. ते मी माझ्या तोंडाने सांगितलं. आता दुसरं. त्या दिवशी माझ्या घरात तुम्ही म्हणालात, की स्वयंपाकाच्या बाईच्या ट्रंकेत असले चमचे कसे येतात ते तुम्हाला कळतं. कसे येतात?”

कोमल बापाकडे बघत राहिली. हा माणूस तिने कधी पाहिला नव्हता.

“अहो, काय हे भाऊ, आज शुभ दिवस...”

“शुभ आहे म्हणूनच विचारतो. माझी आई इथं बसलीय. ज्या बाईनं चमचे दिले ती स्वतः लोणावळ्याच्या बाजारात बसून आईचं नाव घालून गेली. कोरणारा माणूस अजून आहे, चला, भेटवतो. चोरीच्या मालावर कोणी स्वतःचं नाव-गाव कोरून घेतं का, ताई? तुम्ही माझ्या आईला चोर म्हणालात. आणि मी हसलो. माझी चूक मी इथं सगळ्यांसमोर कबूल केली. तुमची राहिलीय.”

“मी आपलं सहज बोलले हो!”

“सहज बोललात ना? मग सहज परत घ्या.”

विजयमालाताईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कोणी मदतीला येईना. शेवटी त्यांनी मुलाकडे पाहिलं. जावई निलेश आजवर आईपुढे ब्र काढत नसे. तो खाली बघत म्हणाला, “आई, बोलली असशील तर संपव की. पोराला भूक लागलीय.”

त्या धोंडाबाईंकडे वळल्या आणि पुटपुटल्या, “आजी, चुकलं माझं.”

“आँ?” धोंडाबाई म्हणाल्या. ज्यांना तिसऱ्या मजल्यावरच्या टीव्हीची मालिका शब्दन् शब्द ऐकू येते, त्या कानाला हात लावून म्हणाल्या, “जरा मोट्यानं बोल बाई. कान गेल्यात माजे.”

“चुकलं माझं!” विहीणबाई म्हणाल्या. ते मांडवातल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं.

“ऱ्हाऊ दे. पोटात नगं ठिवू,” धोंडाबाई म्हणाल्या. “हौशा, भरव पोराला.”

भाऊंनी भरवलं. स्वराजने खीर गिळली, चमचा दोन्ही हिरड्यांत धरला आणि सोडेना. कोमलने बोट घालून तो सोडवला तेव्हा कुठे टाळ्या पडल्या.

मग पंगत बसली. प्रत्येक कार्यात मुलीकडचे म्हणून भाऊ वाढायला उठायचे आणि शेवटच्या पंगतीला गार जेवायचे. आजही सवयीने बुंदीचं ताट उचलायला निघाले. तेवढ्यात धोंडाबाईंनी सदऱ्याचं टोक धरून त्यांना खाली ओढलं. “बस हितं.” भाऊ बसले, पहिल्या पंगतीत, आईच्या शेजारी, मांडी ठोकून.

विजयमालाताई स्वतः मठ्ठ्याचं भांडं घेऊन ओळीने वाढत आल्या. भाऊंसमोर येऊन थांबल्या. “वाढू का भाऊ थोडा?” त्यांनी विचारलं. कोमलचं लग्न झाल्यापासून भाऊ त्यांच्या हातच्या प्रत्येक गोष्टीला ‘नको नको, पुरे’ म्हणत आले होते.

“वाढा की,” भाऊ म्हणाले. “पण आधी आईला वाढा.”